बोलक्या ग्रंथांच्या राज्यी लिनक्स स्थापन जाहली त्याची हकिकत

श्रीगजाननास नमन असो, श्रीशारदेस नमन असो, आणि जे कान ग्रंथ वाचितात त्या कानांसही नमन असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, कार्तिक वद्य पंचमीचे दिवशी जे वर्तले ते लिहितो. पदरचे घालीत नाही, घातलेच तर मीठ-मिरचीपुरते.

एक राज्य होते. नाव सांगण्याची आज्ञा नाही. त्या राज्यी अंध विद्यार्थ्यांसाठी ग्रंथ मोठ्याने वाचून आवाज साठविण्याचा परिपाठ होता, आणि अकरा वर्षांत नऊशे ग्रंथ जमा जाहले, आणि ते अवघे एका संगणकाचे पोटी राहत, आणि मुले दूरदूरच्या वसतिगृहांतून मोबाइलवर ऐकत. तेथील दप्तरदार कुमुदबाई साबडे, बाई मोठ्या खमक्या, परंतु या ग्रंथांवर जीव पाखडीत. पुढे जुनी प्रणाली थकली. दिवसातून तीनदा मान टाकी, आणि ग्रंथांची दुसरी प्रत काढू जावे तर अर्ध्यावर बंद पडे. आणि चौथे दिवशी कायद्याची परीक्षा, आणि शरयू वाघचौरे नामे विद्यार्थिनी फोनवर फोन करी, "बाई, कराराच्या कायद्याचे दोन भाग राहिलेत हो माझे. लागतच नाहीयेत!" मग बाईंनी निश्चय केला की आता लिनक्स स्थापावी. ही प्रणाली कोणा एका धन्याची नव्हे, देशोदेशीच्या हजारो जाणत्यांनी मिळून रचिली, आणि सर्व्हर अखंड चालविण्यात तिची ख्याती मोठी.

मग दरबार भरला. दिवाण अच्युतराव घैसास मुख्यस्थानी बसले, आणि यंत्रशाळेचे नाईक रामकृष्ण तांडेल पेनड्राइव्ह घेऊन हजर जाहले. तो लाविला, आणि नवी प्रणाली एकेक विचारू लागली, भाषा कोणती, घड्याळ कोठले, आणि बाई उत्तरे देत्या जाहल्या. मग पडद्यावर सवाल आला की, कोणत्या डिस्कवर राहू? जी द्याल ती समूळ पुसून टाकीन. डिस्क तर दोन, एकीवर जुनी प्रणाली, दुसरीवर नऊशे ग्रंथ, आणि दोन्ही एका मापाच्या, एका बनावटीच्या. नाईक कागद पाहून म्हणाले, "पहिली जुनी, दुसरी ग्रंथांची. यादीत लिहिलंय की." दिवाण गरजले, "मग दाबा एंटर! मुहूर्त टळतोय." बाईंचे बोट एंटरवर गेले आणि तेथेच थबकले. यादी श्रावणातली होती. "रामभाऊ, दसऱ्याला दोन्ही डिस्क बाहेर काढून पुजल्या होत्यात ना तुम्ही?" "पुजल्या होत्या. चौरंगावर मांडून झेंडू वाहिला." "मग परत लावताना कुठली कुठे लावलीत?" नाईक घामाघूम जाहले. "खोटं कशाला बोलू बाई? तेव्हा आरती चालली होती." दिवाण म्हणाले, "अहो, पूजा केलेली वस्तू, देव काय वाकडं करणार आहे?" बाई कडाडल्या, "देव नाही करणार, आपणच करू! जरा गप्प बसा."

मग संगणक बंद केला, पेनड्राइव्ह काढिला, आणि दुसरी डिस्क सोडवून एकट्या पहिलीवर चालू केला. तीवर जुनी प्रणाली असती तर उठती. उठली नाही. मग पहिली काढून दुसरी लाविली, तो जुनी प्रणाली कण्हतकुथत उभी राहिली. म्हणजे ग्रंथ पहिलीवर! बाई मटकन खुर्चीत बसल्या. एक बोट दाबते, आणि अकरा वर्षे जाती. मग ग्रंथांची डिस्क त्यांनी मांडीवर घेतली आणि कोणास हात लावू दिला नाही, आणि पेनड्राइव्ह पुन्हा लावून दुसरीवर लिनक्स स्थापिली. स्थापना संपली तो पडदा काळाकुट्ट, आणि एक रेघ लुकलुके. दिवाणांनी कपाळावर हात मारिला. "बुडालो! चित्र नाही, बटण नाही!" "अहो, सर्व्हर आहे हा, लग्नाचा अल्बम नव्हे," बाई म्हणाल्या, आणि नाव, परवलीचा शब्द देऊन आत गेल्या. मग संगणक बंद करून ग्रंथांची डिस्क जोडिली, पुन्हा चालू करून हुकूम लिहिले, चार चुकले, पाचवा लागला, आणि नऊशे ग्रंथांची नावे पडद्यावरून सरसर उतरली. बाईंचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपविले नाहीत.

मग मुलांच्या मोबाइलची वाट खुली करून शरयूस फोन लाविला. "लाव गं, भाग दुसरा." पलीकडून आवाज उमटला, "कराराचा कायदा, भाग दुसरा," आणि त्यावर शरयूचा ओरडा, "लागलं! बाई, लागलं!" मग जरा ऐकून ती म्हणे, "पण हे काका फार भरभर वाचतात हो. ताटावरून उठून आल्यासारखे." दरबारात कोणी हसेना, कारण अवघ्यांनी आवाज ओळखिला होता. तो दिवाणांचा. ज्या डिस्कवर एंटर दाबा म्हणोन ते गरजले, तीवर त्यांचाच कंठ होता. दिवाण उठले, फोनाजवळ वाकले आणि म्हणाले, "पोरी, चुकलो. सावकाश वाचतो. आत्ताच वाचतो." आणि ग्रंथ काखोटीस मारून ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गेले, आणि दार लाविले.

येणेप्रमाणे त्या राज्यी लिनक्स स्थापन जाहली. ग्रंथ नऊशे शाबूत. नव्या प्रणालीत पहिला आवाज दिवाणांचा दाखल जाहला, आणि शरयूने तो दोनदा ऐकिला. इतके वर्तमान.