रामटेके सरांचा चार्ज संपला

इलेक्ट्रिक डर्ट बाइक घ्यावी की पेट्रोलची, असा प्रश्न पडला असेल तर लांजीला येऊन सरळ मला विचारा. मी दोन्ही बाजू नीट समजावून सांगेन आणि शेवटी इलेक्ट्रिकच घ्यायला लावेन. एवढं सगळं होऊनही!

डर्ट बाइक म्हणजे चिखल, दगड, नाला, चढ असलं काही न बघता जाणारी उंच, हडकुळी मोटारसायकल. मला ती हवी होती, कारण माझी शाळा कोसमटोल्याला. पक्क्या रस्त्यानं बावीस किलोमीटर, जंगलातल्या वाटेनं चौदा. आमच्या शाळेतले प्रीतम बिसेन सर याच वाटेनं पेट्रोलची डर्ट बाइक घेऊन येत. ती सुरू झाली की आधी गावातली कुत्री बाहेर येत आणि मग गाव. मी म्हटलं, आपण शहाण्या माणसासारखं जायचं. आवाज नाही, धूर नाही, गिअर नाही, क्लच नाही. वाटेत चितळ चरत असलं तर मान वर करून बघतं आणि परत चरायला लागतं.

"सर, बॅटरीवाली गाडी जंगलात धोका देते बरं," प्रीतम सर म्हणाले होते.

"पेट्रोल संपत नाही का?" मी विचारलं.

"संपते. पण ते बाटलीत आणता येते."

मी हसलो. तेव्हा मला हसू येत होतं.

आता मुख्य गोष्ट. जुलैत आमचे मोठे गुरुजी, म्हणजे मुख्याध्यापक, रिटायर झाले आणि शाळेचा चार्ज माझ्याकडे आला. सरकारी नोकरीत पद मिळायला जन्म जातो, पण चार्ज मिळतो. म्हणजे खुर्ची तीच, शिक्का तोच, फक्त नावाआधी 'प्रभारी' लावायचं. मला त्याचं काही नव्हतं. मला हवा होता पंधरा ऑगस्ट. एकोणीस वर्षं झेंड्याची गाठ मी बांधत आलो आणि दोरी दर वेळी दुसऱ्यानं ओढली. गाठ चांगली बसली तर कोणी बोलत नाही आणि अडकली तर सगळं गाव माझ्याकडे बघतं. या वर्षी दोरी माझ्या हातात येणार होती. आई, म्हणजे जिजाबाई, आणि बायको दीप्ती दोघी बघायला येणार होत्या. आईनं पांढरं लुगडं इस्त्री करून ठेवलं होतं.

आदल्या दिवशी मी गाडी चार्जिंगला लावली. रात्री आकाश गरजलं आणि आईनं घरातल्या सगळ्या पिना उपटल्या. टीव्हीची, फ्रिजची आणि माझ्या गाडीचीही. सकाळी बघतो तर मीटरवर तीस टक्के.

"आई, गाडीची पिन काहून काढली?"

"बिजली पडली असती त? गाडी मोठी का जीव मोठा?"

"जीव घरात होता, गाडी अंगणात होती."

"तुले उलटं बोलाची आदतच हाय, धम्मपाल," आई म्हणाली आणि विषय संपला.

मी गणित शिकवतो. कंपनी म्हणते पूर्ण चार्जवर नव्वद किलोमीटर. नव्वदचे तीस टक्के सत्तावीस. जायचं चौदा. तेरा किलोमीटर हातात शिल्लक! दीप्ती आणि आई ऑटोनं पक्क्या रस्त्यानं निघाल्या. मी पांढरा सदरा, पांढरी पँट घालून जंगलाच्या वाटेला लागलो.

कंपनीनं ते नव्वद किलोमीटर कुठं मोजले मला माहीत नाही. कोसमटोल्याच्या चिखलात नक्कीच नाही. त्या चिखलात चाक एक फूट पुढं जायला दहा वेळा फिरतं. नवव्या किलोमीटरला पाच टक्के, नाल्याशी एक टक्का, आणि नाल्याच्या बरोबर मध्ये गाडी गप्प झाली. गप्प झाली हेसुद्धा मला उशिरा कळलं, कारण ती आधीही गप्पच होती.

साडेसात वाजलेले. झेंडा आठ वाजता. मोबाइलला नेटवर्क नाही. गाडी ढकलून काठाशी आणली तेवढ्यात सायकलवर महागू बाबा आले. कोसमटोल्याचं जुनं माणूस, पंधरा ऑगस्टचा लाडू आजवर चुकवलेला नाही.

"काय झालं गुरुजी? काहून उभे?"

"चार्ज संपला, बाबा."

बाबा सायकलवरून खाली उतरले. चेहरा गंभीर झाला.

"संपला? आत्ताच त भेटला होता."

"रस्त्यानं खाल्ला सगळा."

"रस्त्यात खाल्ला!" बाबांनी इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "मले पहिलेच शक होता."

बाबांना कसला शक होता हे विचारायला मला वेळ नव्हता. प्रीतम सरांच्या गाडीला दोरी बांधून माझी गाडी ओढत नेली तर अजूनही वेळेत पोचणार होतो.

"बाबा, लवकर जा. प्रीतम सरले सांगा, रामटेकेचा चार्ज खतम झाला. दोरी घ्याव म्हणा त्यांनं. थांबू नका म्हणा."

"चार्ज खतम. दोरी प्रीतम सरनं घ्याव. थांबू नोका," बाबांनी पाठ केलं. "असंच सांगू न?"

"हौ, असंच."

बाबांनी मला हात जोडले. मला जरा नवल वाटलं. मग ते गेले. त्या वयाच्या माणसाला इतकी जोरात सायकल मारताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी गाडी ढकलत निघालो. प्रीतम सरांच्या गाडीचा आवाज एक कोसावरून ऐकू येतो, म्हणून कान टवकारून होतो. आठ वाजले. आवाज आला, पण गाडीचा नाही. झाडांच्या पलीकडून लाउडस्पीकरवर राष्ट्रगीत सुरू झालं.

दोरी कोणीतरी ओढली होती.

पण राष्ट्रगीत ते राष्ट्रगीत. मी जागच्या जागी सावधान झालो. आता सावधानमध्ये हात मांडीला लागतात, आणि माझ्या हातांत होती गाडी. हात सोडले. गाडी आधी माझ्या कमरेला टेकली, मग मांडीला, मग सावकाश माझ्या पांढऱ्या पँटवरून घसरत डबक्यात जाऊन पडली. मी समोर बघत होतो. बावन्न सेकंद मी हललो नाही. जयहिंद म्हणालो आणि मग तिला बाहेर काढलं.

शाळेशी पोचलो तेव्हा पावणेनऊ झाले होते. झेंडा वर फडकत होता. माइकवर सरपंच भैयालालजी बोलत होते, आणि आमचा मुलूख हिंदी राज्यातला, त्यामुळं सभा म्हटली की ते हिंदीत बोलतात.

"रामटेके सर ने अपनी मर्जी से चार्ज छोड़ा है। और जहाँ तक रस्ते का सवाल है, रस्ते में किसी ने कुछ नहीं खाया। जिसको देखना है, आके रस्ता देख ले।"

मी कडुलिंबाच्या मागं थांबलो. सरपंच खाली बसले आणि प्रीतम सर उठले.

"सर गाठ बांधत होते ना, त झेंडा कधी अडकला नाही," ते म्हणाले. "आज म्या पहिल्यांदा बांधली, त तीन वेळा अडकली. सरसारखा माणूस पुन्हा भेटनार नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याबद्दल इतकं चांगलं मी आजवर ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगतो, पुढचं ऐकायला मी आणखी दोन मिनिटं थांबलो. प्रीतम सर रडले. एक विद्यार्थिनी रडली, जिला मी गणितात दोनदा नापास केलं होतं. मग पहिलीतल्या एका पोरानं मला पाहिलं आणि ओरडलं, "सर आले, पर गोबर में गिर गए!"

सगळी सभा मागं वळली. पहिल्या रांगेतून दीप्ती उठून तरातरा आली.

"चार्ज सोडाचा होता त मले तरी सांगाचं होतं. आई तवापासून रडून राह्यल्या."

"मी कुठं सोडला? गाडीचा चार्ज संपला."

"गाडीचा?"

"गाडीचा, बॅटरीचा. दोरी गाडी ओढाले मागवली होती."

प्रीतम सरांचा चेहरा पडला. "सर, मले वाटलं, झेंड्याची."

सगळ्यांनी महागू बाबांकडे बघितलं. बाबांच्या दोन्ही हातांत लाडू होते. "म्या त बराबर जसंच्या तसं सांगितलं," ते म्हणाले, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

चढलेला झेंडा माझ्यासाठी उतरवून परत चढवायचा, असं सुचवायची कोणाची हिंमत झाली नाही. माझीही नाही. मला फार वाईट वाटलं. एकोणीस वर्षं थांबलो आणि चार किलोमीटरनं चुकलो. प्रीतम सर दिवसभर माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, जसं काही मी आजारी आहे. शेवटी तेच म्हणाले, "सर, सांजेले झेंडा उतरवाचा मान तुमचा. मी हात लावत नाही."

सूर्य बुडायच्या आधी मी हातपाय धुऊन, प्रीतम सरांचा सदरा घालून खांबाशी उभा राहिलो. मैदानात आई, दीप्ती, प्रीतम सर आणि एक बकरी. मी दोरी धरली आणि झेंडा सावकाश खाली आणू लागलो. दीप्तीनं मोबाइल काढला आणि निम्म्यात फोटो घेतला.

फोटो छान आला. माझी मान वर, दोन्ही हातांत दोरी, झेंडा खांबाच्या मधोमध. तो वर चाललाय की खाली येतोय, हे फोटोत कळत नाही. आईनं तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला लावला. वर लिहायला लावलं, 'आमच्या धम्मपालच्या हातून झेंडा'.

एकशे बारा जणांनी अभिनंदन केलं. मी सगळ्यांना धन्यवाद लिहिलंय.