साळूबाईंची हिरवी ओळ

बाळांनो, मांडी घालून बसा आणि नाकातलं बोट काढा. एका जंगलात सगळे प्राणी गहू खायचे. सिंहसुद्धा. दात पडल्यापासून त्याला शिकारीपेक्षा खीरच बरी वाटे.

एका वर्षी गव्हावर मावा पडला. पेढ्यातला नव्हे रे! हा मावा म्हणजे रस शोषणारे बारीक किडे. ते एका रोपाचा रोग दुसऱ्याला नेऊन देत. गहू पिवळा पडला, खुजा राहिला. सिंहाची खीर बंद झाली.

त्या जंगलात साळूबाई नावाची एक अभ्यासू साळिंदर होती. ती म्हणाली, "महाराज, एखाद्या गव्हाच्या अंगातच हा रोग परतवायची ताकद असेल. मी शोधते."

तिने चारशे जाती पेरल्या. प्रत्येकीची एक ओळ. मग रोगट शेतातला मावा आणून तिने स्वतःच सगळ्यांवर सोडला.

"बाई मावा पाळतेय!" माकड बोंबललं.

"अरे, रोग लावल्याशिवाय कळणार कसं, कुणाला लागत नाही ते?"

माकडाने हे दोनदा ऐकलं आणि पुन्हा बोंबललं.

महिन्याभराने तीनशे नव्व्याण्णव ओळी पिवळ्या पडल्या. एक मात्र हिरवीगार! डोंगरातल्या रानगव्हाशी संकर केलेली. तिचं सगळं बी याच ओळीत पेरलेलं होतं. साळूबाई आनंदाने अशी थरथरली, की शेजारच्या सशाला चार काटे टोचले.

सिंह आपल्या प्रधानाला, रेडेरावांना, घेऊन आला.

"बाकीचे सगळे आजारी?"

"हो, महाराज."

"आणि ही एकटीच ठणठणीत?"

"हो ना!"

सिंहाने डोळे बारीक केले. "म्हणजे हिचं माव्याशी संगनमत आहे."

"नाही हो! हिचं बी वाढवलं तर..."

"फितुरीचं बी वाढवायचं? प्रधानजी, चौकशी करा!"

रेडेरावांनी शेंड्यापासून बुडख्यापर्यंत चौकशी केली. मग ढेकर दिला. "महाराज, आरोपी निर्दोष. चवीलाही उत्तम."

ओंबी धरण्याआधीच ओळ संपली. साळूबाई मातीत बसून रडली. तिला जवळ घ्यायचं खूप जणांच्या मनात होतं, पण काटे होते ना!

पुढे सिंहाने उरलेल्या ओळींचं बी प्रजेला वाटलं. 'शाही सुवर्ण गहू' असं त्याचं नाव ठेवलं. तो इतका खुजा वाढे, की कापायला सगळ्यांना जमिनीपर्यंत वाकावं लागे. सिंह टेकडीवरून पाही आणि म्हणे, "प्रजा किती नम्र झाली!"

तात्पर्य: साथ आली की चारचौघांबरोबर पिवळं पडावं. हिरवं राहिलं, तर चौकशी होते.