बापू टेलरच्या तबकड्या

आमच्या काष्टी गावात बापू टेलरच्या दुकानात गाणं ऐकायचं तर आधी पाय धुवावे लागत. चपला बाहेर, तोंडातलं पान बाहेर आणि शिंक आली तर तुम्हीही बाहेर. बापू ग्रामोफोनची तबकडी मलमलीच्या तुकड्याने इतका वेळ पुसत बसायचे, की गिऱ्हाइकाचा सदरा आठवडाभर बिनबाह्यांचा लटकत राही.

रेडिओ त्यांना खपत नसे. "रेडिओ साऱ्या गावाला हाळी देतो. तबकडी तुमच्याशी बोलती," असं म्हणायचे. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, की त्यांना नेमकी सुई बदलायची असे.

एकदा पुतण्याने पुण्याहून टेपरेकॉर्डर आणला. बापूंचं आवडतं गाणं लावलं. खरखर औषधालाही नव्हती. बापूंनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"कसं वाटलं, काका?"

"साफ हाय. लई साफ. पन गानारी बाई मधी श्वास घेती, तो कुटं गेला?"

तो श्वास मला तबकडीवरही कधी ऐकू आला नव्हता. पण मी मान डोलावली. माझी विजार शिवायची राहिली होती.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. दुकानात कुणी फिरकेना. मी खडी फोडायच्या कामावर हजेरी घेत होतो. एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, बापू सायकलला ग्रामोफोन बांधून तिथे हजर.

"गाव सगळं हितं. दुकानात कुनासाठी वाजवू?" एवढंच बोलले आणि बाभळीखाली चावी देऊ लागले.

बायका भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. वाऱ्याबरोबर खडीची पांढरी धूळ तबकडीवर बसत होती, सुई करकरत होती. मला बघवेना.

"बापू, वाटोळं होईल तिचं. पुतण्याचा टेप तरी आणायचा."

त्यांनी झाडाकडे बोट केलं. खडी फोडणाऱ्या गिरजाची तान्ही लेक सकाळपासून रडून निळी पडली होती. आता ती फांदीला बांधलेल्या झोळीत गप्प पडून ऐकत होती. बापूंनी तेच गाणं पुन्हा लावलं. मग पुन्हा. सातव्या-आठव्या वेळी नुसती खरखरच उरली.

"बास करा बापू, झिजली तुमची तबकडी," गिरजा म्हणाली.

"झिजू दे. आत्ता डोळा लागलाय तिचा. हळू बोल."

शिट्टी झाली. गिरजा हातोडा घेऊन खडीकडे गेली. बापूंनी झोळीची दोरी हातात घेतली, ती दिवस मावळेपर्यंत सोडली नाही.