जड ते खाली

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात नवं पुस्तक आलं की आधी त्याचं वजन व्हायचं. थट्टा नाही करत. खिचडीच्या खोलीतला जुना ताणकाटा व्यंकटमामांनी मागून आणला होता. पुस्तक पिशवीत घालायचं, काट्याला लटकवायचं, चष्मा कपाळावर सारून आकडा वाचायचा आणि पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहायचा. लेखक कोण, विषय कुठला, हे नंतर सवडीनं. मग जाडजूड ग्रंथ सगळ्यात खालच्या फळीला, मध्यम मधल्या फळीला आणि वर, माणसाचा हात पुरणार नाही तिथं, पातळ पातळ कवितासंग्रह. मी एकदा भूमितीचं पुस्तक मागितलं तर मामांनी विचारलं, अंदाजे किती ग्रॅमचं?

मी चाकूरच्या या शाळेत गणित शिकवतो. मूळचा हदगावचा, जीभ जरा तिखट, त्यामुळं मामांची टिंगल करण्यात मीच पुढं. व्यंकटमामा आमचे शिपाई. घंटा देत, पाणी भरत बाहेरून बी.ए. झाले. जुन्या ग्रंथपाल बाई निवृत्त झाल्या तेव्हा संस्थेनं ग्रंथालयाची किल्ली मामांच्या हातात ठेवली. अट एकच, दोन वर्षांत ग्रंथालयशास्त्राची पदवी काढायची. नाही जमलं तर पुन्हा घंटा. दर रविवारी मामा लातूरला तासाला जायचे आणि सोमवारी डबा खाताना मला ते सगळं ऐकवायचे. धर्माला दोनशे, विज्ञानाला पाचशे, इतिहासाला नऊशे. प्रत्येक विषयाला नंबर, आणि नंबराप्रमाणं पुस्तकं लावायची. लेखी पेपर मामांना धडाधड सुटले. सगळं पाठ होतं हो या माणसाला. फक्त स्वतःच्या कपाटाजवळ गेले की काटा काढायचे.

"अहो, तिकडं शिकता एक आणि इकडं करता भलतंच," मी म्हणायचो.

"जड ते खाली," मामा म्हणायचे. दुसरं उत्तर नाही.

बाकीही तऱ्हा होत्या. पंख्याखाली बसायचे नाहीत. लग्नात पंगतीला बसले की आधी वर बघायचे, मग पानाकडं. वाचनतासाला पोरं कपाटांपुढच्या सतरंजीवर बसायची, तर मामा त्यांना ढकलत ढकलत पार दाराशी नेऊन बसवायचे. मी सुचवलं, एवढी धास्ती आहे तर कपाटं भिंतीला ठोकून घ्या. मामा भिंतीकडं बघत म्हणाले, "भिंतीचं काय सांगावं?" स्टाफरूममध्ये हे वाक्य आम्ही महिनाभर वापरलं.

दुसरं वर्ष संपत आलं. आता एकच गोष्ट उरली होती. लातूरच्या मार्गदर्शक बाई येऊन मामांचं ग्रंथालय प्रत्यक्ष बघणार, नंबरवारी लावलंय का ते तपासणार आणि गुण देणार. ते गुण मिळाले की पदवी, पदवी आली की नोकरी कायम. बाई सोमवारी येणार होत्या आणि शनिवारपर्यंत कपाटं वजनावारीच होती. माझंच डोकं फिरलं. रविवारी मामा लातूरला गेले, तेव्हा मी मुख्याध्यापकांकडून किल्ली घेतली आणि दिवसभर खपून अख्खं ग्रंथालय नंबराप्रमाणं लावलं. या पद्धतीत ज्ञानकोशांचा नंबर सगळ्यात आधी येतो. त्यामुळं ते विटेसारखे खंड गेले पहिल्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर. घरी जाताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

सोमवारी बाई लवकरच आल्या. वाचनतास चालू होता आणि मामा यायच्या आत पाचवीची पोरं कपाटांना टेकून ऐसपैस बसली होती. बाई फळ्या बघत होत्या, मान डोलवत होत्या. तेवढ्यात मामा दारात आले. वर बघितलं. आधी पोरांना बाहेर नेलं, मग स्टूल ओढलं आणि एकेक खंड खाली उतरवायला लागले. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, कोश खाली असू द्या, बाकीचं आहे तसं राहू द्या, मी गुण देते.

"बाकीच्यातबी जड हायतच की, मॅडम," मामा म्हणाले आणि दुसऱ्या कपाटाकडं वळले.

बाईंनी तासभर वाट बघितली. मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या निघून गेल्या. मामा गुडघ्यावर बसून खालची फळी भरतच होते. मला राग आवरेना. दोन वर्षं कशासाठी घासलीत, असं मी तोंडावर विचारलं.

मामांनी हात पुसले. "मी किल्लारीचा हाय, सर."

अकरा वर्षं या माणसाच्या हातचा चहा पीत होतो मी. मला हे माहीत नव्हतं.

"गणपती बुडवून आलतो आमी. मी सहा वर्षांचा, अक्का आठची. मी म्हणलं, मला दाराजवळ झोपू दे, आत उकडून राहिलंय. तिनं जागा दिली. आतल्या अंगाला फळी होती, त्यावर पितळंचे हंडे, घागरी." मामांनी कपाटाचं दार लावलं. "भूकंपात वरचं मातीचं माळवद तर समद्यांवरच आलं. पन मला काढलं तवा अंगावर माती होती. तिच्या अंगावर हंडे होते."

मी माझ्या दोन हातांनी ते खंड वर चढवले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामा नापास झाले. पुन्हा बसायचं तर वर्षभर थांबायला हवं होतं आणि संस्था थांबली नाही. जूनमध्ये पदवी असलेला तरुण ग्रंथपाल आला. पोरगा हुशार आहे, नियमाला धरून आहे. पुस्तकं नंबराप्रमाणं लागली, कोश वर गेले, पोरं पुन्हा सतरंजीवर कपाटांपाशी बसायला लागली. मी त्याला दोनदा सांगून बघितलं. तो हसला.

मामा पुन्हा घंटा देतात. मात्र पाचवीचा वाचनतास असला की पहिल्या कपाटाला पाठ लावून उभे राहतात. तळपाय जमिनीत रोवून, तासभर. ग्रंथपालाला वाटतं, मामांना जुन्या खुर्चीची हाव सुटत नाही. परवा मी तिथून जात होतो. घंटेची वेळ झाली होती आणि मामांचा पाय निघत नव्हता.

"सर," ते हळूच म्हणाले, "मी टोल देऊन येतो. तवर जरा इथं उभं राहता?"

मी आत गेलो. मामांनी उभं राहायची जागा बोटानं दाखवली. मी कपाटाला पाठ लावली आणि ते येईपर्यंत हललो नाही.