नागपूर येईस्तोवर खराटा बंद

आमचा शेजारी गेनबा उभ्या जन्मात विमानात बसलेला नाही, पण पुणे-नागपूर विमान किती वेळात जातं हे त्याला विमान चालवणाऱ्यापेक्षा जास्त कळतं. आमच्या भरे गावात एवढं ज्ञान दुसऱ्या कुणाकडं नाही. बाकीच्यांना कामं असतात.

हिंजवडीकडचं, गळ्यात पट्टा घातलेलं पोरगं दिसलं की गेनबा आडवा आलाच. "नागपूर किती वो?" पोरगं मोबाईलात बघून म्हणतं, "सातशे किलोमीटर." झालं! "ते रस्त्यानं. वरनं सहाशेच्या थोडं फुडं. वर काय पिरंगुटचा घाट हाय व्हय?" मग बोट आभाळाकडं. "सव्वा तास. चाकं सुटल्यापासनं." त्या पोराला इथनं हिंजवडी गाठायलाच सव्वा तास लागतो.

हा सगळा खटाटोप खराट्यासाठी. त्याची लेक सुमी नागपूरला दिलीय. ती माघारी निघाली की तिकडं पोचेस्तोवर इकडं केर काढायचा नाही. माणूस गेल्या पाठी झाडू नये, हे आम्हीपण पाळतो. पण आमचं कसं, एसटी वळणाआड गेली की झालं. ह्याचं तसं नाही. लोहगावच्या विमानतळावर जायचे दोन तास, तिथं ताटकळायचे दोन, वर विमानाचा सव्वा. आणि अंगण आमचं दोघांचं एकच! पाला, कोंबड्यांची घाण, सगळं सुमीच्या नावानं तसंच पडून.

परवा सुमी गेली. दुपारी फोन आला, "आबा, बसले. सुटतंय आता." गेनबा घड्याळ हातात धरून पायरीवर बसला. तासभर झाला, तसं माझं टाळकं फिरलं. उचलला खराटा.

"रामा, ठेव त्यो."

"माझ्या दारापुरतं झाडतो. तुझ्या इमानाला धुरळा लागायचा न्हाई."

"ठेव म्हनतो ना!"

"का? माझ्या खराट्यानं इमान खाली येतंय व्हय रं?"

मला वाटलं, आता शिवी येणार. गेनबा घड्याळाकडंच बघत बोलला, "पारूला जीपमधनं दवाखान्यात न्हेली, तवा मागं मीच केर काढला. म्हनलं, सांजच्याला येईल, घर जरा ब्येस दिसंल. जीप भूगावाच्या फुडं बी गेली नसंल. किती वाट बघायची, ते तवा कुटं ठावं व्हतं मला?"

पारू म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. भिंतीला भिंत लागून राहतो आम्ही, आणि हे मी त्या दिवशी ऐकलं.

असलं काही मी मानत नाही. केर काढल्यानं माणूस जात नसतं, एवढं मला शाळा न शिकता कळतं. तेच त्याला सुनवायला तोंड उघडलं.

"आजून किती राह्यलं?" तोंडातनं भलतंच निघालं.

"पंधरा मिनटं."

"सरक तिकडं," म्हटलं, आणि खराटा मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी बसलो.