भिंतीवरची यादी

गाडीतून निघालेली मागची सीट थेट वजनकाट्यावर गेली.

"एकोणीस किलो आठशे," काटेवाल्याने वाचलं आणि खडूने भिंतीवर लिहिलं. वर मोठ्या अक्षरांत मथळा होता, 'काढायचे'. त्याखाली दारांची अस्तरं, रेडिओ, राखदाणी आणि मागच्या काचेत मान हलवणारा प्लास्टिकचा कुत्रा, एकशे दहा ग्रॅम.

काटेवाल्याचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. हौशी लोकांची मोटार रॅली आठ दिवसांवर आली होती आणि गाडी जितकी हलकी तितकी पळते, असं फिटरने त्याच्या डोक्यात भरवलं होतं. गाडी चालवणार काटेवाला. शेजारी बसून वळणं वाचून दाखवणार त्याची बायको. त्यासाठी दोन महिने दर रविवारी दोघं रॅलीच्या रस्त्यावरून सावकाश फिरली होती. ती सांगायची, तसं तो चाक फिरवायचा. रस्ता त्याने कधी लक्षात ठेवला नाही, तो तिच्या वहीत होता. मुलं आपापल्या संसाराला लागल्यापासून नवरा-बायको एवढी बोलली नव्हती. बोलणं म्हणजे तरी काय, 'डावीकडे', 'हळू', 'खड्डा'. पण रविवारची वाट दोघंही बघायची.

"आता जड काय राहिलंय?" फिटरने विचारलं.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. जमिनीवर तेल सांडलेलं, म्हणून ते चुकवायला तिने पाय काट्यावर ठेवला आणि दोन्ही पायांवर उभी राहिली. काटा सर्रकन फिरला. काट्यावर आलेली वस्तू लिहून टाकायची, ही काटेवाल्याची तीस वर्षांची सवय. हात आपोआप चालला: 'बायको, एकाहत्तर किलो चारशे.'

फिटर एकदम छताकडे बघायला लागला.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"अगं, सवयीने लिहिलं गेलं."

"वर मथळा काय आहे?"

इथे माणसाने भिंत पुसावी, हात जोडावेत. काटेवाला म्हणाला, "ट्रेसकट आहे ते. ट्रे वजा केला तर सत्तरच भरेल."

तिने ट्रे खाली ठेवला. आतून वही आणून बॉनेटवर ठेवली. "घ्या. काढलं," म्हणाली आणि गेली.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. काटेवाल्याने ती ओळ फडक्याने पुसली, तर धुळकट भिंतीवर तेवढीच जागा लखलखीत झाली आणि लांबूनही नजरेत भरू लागली. 'चुकलो' म्हणायला तो तीनदा स्वयंपाकघरात गेला आणि तिन्ही वेळा पाणी पिऊन परत आला. चौथ्या दिवशी कळलं, औषधवाल्याच्या भाच्याचा पाय मुरगळलाय. औषधवालाही रॅलीत होता आणि त्याच्या शेजारी बसायला आता कोणी नव्हतं.

"वहिनींना विचारलं मी," औषधवाला म्हणाला. "तुमची हरकत नाही ना? त्या म्हणाल्या, मी सध्या रिकामीच आहे."

काटेवाल्याच्या शेजारी मग फिटर बसला.

रॅलीच्या सकाळी तपासनिसाने गाडी मोठ्या काट्यावर घेतली आणि मान हलवली. "नियमापेक्षा अठ्ठेचाळीस किलो कमी भरतेय, काका. वाळूची पोती टाका मागे."

"आणि आत बसणाऱ्यांचं वजन?"

"माणसांचं वजन आम्ही धरतच नाही."

 मागची सीट होती तिथे काटेवाल्याने स्वतःच्या हाताने वाळूची पोती रचली.

झेंडा पडला. पहिला मैलभर रस्ता सरळ होता, तो झकास गेला. मग फिटरने वही उघडली.

"इथे हे शिंकले, उजवीकडे," त्याने वाचलं. "कुठे शिंकला होतात?"

"मला काय ठाऊक!"

"पुढे लिहिलंय, 'मावशीचा विषय निघाला, हळू'. त्यानंतर, 'हे हसले, डावीकडे'. अहो, तुम्ही हसलात कधी?"

काटेवाल्याला आठवेना. आपण हसलो होतो, आणि कोणीतरी ते लिहून ठेवलं होतं, एवढंच त्याला आता कळत होतं. अंदाजाने दोन वळणं साधली. तिसऱ्या ठिकाणी रस्त्याला दोन फाटे फुटले होते. तिथे गाडी थांबली. मागून धुरळा उडवत औषधवाल्याची गाडी आली, बाजूने निघाली आणि तिच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. हाताने स्पष्ट डावीकडे खूण केली. गाडीही डावीकडे गेली.

"फसवतायत वहिनी," फिटर म्हणाला. "एक तर रागावलेल्या, त्यात समोरच्या पार्टीत. उजवीकडे घ्या!"

काटेवाल्याने उजवीकडे घेतली.

उजवीकडे दगडाची खाण होती. तिथून मागे वळताना चाक रुतलं, ते काढायला सगळी पोती रिकामी करून वाळू चाकाखाली टाकावी लागली. ते दोघे मैदानावर पोचले तेव्हा मंडप उतरवायला सुरुवात झाली होती. औषधवाल्याने गाडीतली एकही वस्तू काढली नव्हती आणि त्याचा तिसरा नंबर आला होता. त्याच्या मागच्या सीटवर फिटर न विचारता जाऊन आडवा झाला.

बायको खुर्चीवर बसून होती.

"हात दाखवला होता मी," ती म्हणाली.

"दिसला."

"मग?"

काटेवाल्याने टोपी काढली, झटकली, परत घातली.  ती उठली आणि येऊन त्याच्या गाडीत बसली. दारांना अस्तर नसल्यामुळे पत्रा खडखडत होता, त्यामुळे न बोलण्याचं निमित्त मिळालं.

चौकाशी त्याने विचारलं, "डावीकडे ना?"

ती बोलली नाही. डावीकडेच होतं, वीस वर्षं तोच रस्ता होता.

पुलापाशी त्याने पुन्हा विचारलं, "उजवीकडे ना?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

मग घरापर्यंत वळण नव्हतं. तरी थोडं पुढे जाऊन त्याने विचारलं, "सरळ ना?"

"समोर बघा," ती म्हणाली. "खड्डा."