थांबते कशी ते दाखवा

बाळूकाका म्हात्र्यांना कुठलीही वस्तू चालताना बघण्यात रस नाही. त्यांना ती थांबताना बघायची असते. आमच्या चंदनसारच्या बिल्डिंगमध्ये नवी लिफ्ट बसली, तेव्हा सगळे पेढे खात होते आणि काका दाराला कान लावून उभे होते. "चालू तर कोनी पन दाखवील," ते लिफ्टवाल्याला म्हणाले, "थांबते कशी ते दाखवा." लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध थांबली. तेव्हापासून बिल्डिंगमध्ये काकांचा शब्द कोणी खाली पडू देत नाही.

हा नोकरीचा परिणाम. सातिवलीला पंख्यांच्या एका कारखान्यात ते जन्मभर तपासणीला होते. पंखा लावायचा, बटण बंद करायचं आणि पाती कशी थांबतात ते बघत बसायचं. कुरकुर न करता, सावकाश थांबला तर पास. गचका खाल्ला की बाजूला. निवृत्त झाल्यावर पंखे सुटले, पण जित्याची खोड ती. पुतणीला बघायला आलेल्या मुलाने नोकरी, फ्लॅट, गावचं घर असं सगळं एका दमात सांगितलं. काका आत जाऊन पुतणीला म्हणाले, "सुरू झकास होतो. पन थांबत नाय." लग्न झालंच. पुतणी अजून माहेरी आली की काकांना दोन तास शांत बसवून घेते आणि स्वतःही शांत बसते.

मी त्यांच्या समोरच्या दारातली. मूळची साताऱ्याची, पण काका मला सुरुवातीपासून त्यांच्या गावच्या रीतीने 'बाय' म्हणत आले. त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, भुईगावच्या. माहेरच्या वाडीतली केळी आली की पहिली फणी आमच्याकडे यायची. काकू गेल्या आणि ते सगळंच थांबलं. वर्षभराने एका रविवारी काका माझ्या दारात उभे राहिले.

"बाय, फोनवर जुने ग्रामोफोन मिळतात म्हनं. मला एक घ्यायचाय. कर्ण्याचा नको. पेटीतला, चावीचा. हातात धरून नेता येतो तो."

मला वाटलं, चार दिवसांचं काम. पुढे आमचे कितीतरी रविवार त्यात गेले आणि एकही पेटी घरात आली नाही.

विकणारे एकाहून एक वस्ताद. कुणाची पेटी इंग्रजांच्या काळची आणि तिच्यावरचं कापड मात्र गेल्या दिवाळीचं. कुणाचा ग्रामोफोन 'एकदम चालू, काका', फक्त त्याला सुई नाही, तबकडी नाही आणि चावी द्यायचं हँडल हरवलेलं. काका सगळ्यांना व्हिडिओ कॉल करायला लावायचे. झाकणाच्या बिजागऱ्या दाखवा. साउंडबॉक्सचं रबर दाखवा. तबकडीखाली कागदाचा कपटा घालून फेऱ्या मोजा. आणि शेवटी, "आता गानं बंद. सुई उचला. चावी पूर्न उतरू द्या. मला ऐकू द्या."

एवढं म्हणून ते फोन कानाला लावायचे. व्हिडिओ कॉल असताना. समोरच्या माणसाला मग स्क्रीनभर काकांचा कान दिसायचा, पांढऱ्या केसांसकट. नागपूरचा एक मुलगा घाबरून म्हणाला, "हॅलो, काका ठीक आहेत ना?" मी कितीदा सांगितलं, काका, फोन समोर धरा, आवाज तसाही येतो. "तसा येनारा आवाज वेगळा," ते म्हणायचे. वंगण सुकलेली स्प्रिंग मधेच ठक् करते, ते त्यांना कानानेच कळायचं म्हणे. ठक् झालं की पेटी नापास.

जी पास व्हायची तिच्या मालकाला मग शेवटचा प्रश्न असे. "चावी भरलेली तशीच राहिली, तर स्प्रिंग किती टिकते?"

कुणी म्हणे काही होत नाही, कुणी म्हणे शंभर वर्षं गॅरंटी. काका 'नको' म्हणून फोन ठेवून देत. मला वाटे, ही परीक्षा आहे. खरं उत्तर त्यांना ठाऊक असणारच. काकूंच्या माहेरी लग्नांतून वाजायची ती ग्रामोफोनची पेटी काकूंबरोबर आंदण म्हणून आली होती आणि तिचा नियम मीही काकूंच्या तोंडून ऐकला होता. पेटी झोपवायची तर रिकामी झोपवायची. उरलेली चावी गाण्याशिवाय उतरू द्यायची, मगच झाकण लावायचं. चावी देण्याचा मान काकूंचा. काकांकडे फक्त सुई बदलणं. ती पेटी आता कुठे आहे, हे मी विचारलं नव्हतं. काकू गेल्यावर माहेरी परत गेली असेल, असं मी धरून चालले होते.

परवाच्या रविवारी सोलापूरच्या एक बाई भेटल्या. सासऱ्यांची काळी पेटी, कोपरे झिजलेले, बाकी सगळं जिथल्या तिथे. बाई शांतपणे सांगतील ते करत होत्या, कान बघूनही दचकल्या नाहीत. पेटी उतरत उतरत गेली. ठक् नाही, गचका नाही. काकांनी डोळे मिटले होते. मी मनात म्हटलं, सुटलो.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

"नाही हो टिकत," बाई म्हणाल्या. "आमची आधीची एक तशीच गेली. कुणी हात लावला नव्हता, कपाटात आपली आपण तुटली. उघडून बघितलं तर हँडल नुसतं गरगर फिरत होतं. तुमच्याकडं भरलेली असेल तर उतरवून टाका, काका."

काकांनी फोन माझ्या हातात दिला. "नको म्हन त्यांना," म्हणाले. "कडी नवी वाटते." आणि चपला न घालताच आपल्या घरी गेले.

मी संतापले. इतकी चांगली पेटी, इतक्या भल्या बाई, आणि कडी नवी? संध्याकाळी त्यांच्या चपला उचलल्या आणि भांडायलाच गेले. दार लोटलेलं होतं. काका जेवणाच्या टेबलाशी बसले होते आणि समोर काकूंची पेटी होती, निळं झाकण बंद. त्यावर काकूंचा धुतलेला टॉवेल घडी घालून ठेवला होता.

"ही आहे तर दुसरी कशाला शोधत होता?"

"हिला लावता येत नाय." टॉवेलाची घडी सारखी करत म्हणाले, "चावी तिची आहे यात. तिनं भरली, तबकडी ठेवली, आनि म्हनाली, अंग मोडून आलंय, मग लावू. त्या साथीच्या वर्सी हॉस्पिटलात आत सोडत नव्हते. मी खाली गेटवर. थांबली कशी, ते मला कोनी दाखवलं नाय, बाय."

माझं भांडण कुठल्या कुठे गेलं. माझ्या हातात अजून त्यांच्या चपला होत्या. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. पेटी लावली तर काकूंच्या हाताची चावी संपणार, न लावली तर आतल्या आत तुटणार. या पेचात हा माणूस रविवारमागून रविवार परक्या लोकांना एकच प्रश्न विचारत होता.

"आज लावतो," काका म्हणाले. "तू बस."

त्यांनी टॉवेल बाजूला ठेवला, झाकण उघडलं. तबकडी होती तशी होती. त्यांनी सुई बदलली, ते त्यांचंच काम. मग ब्रेक सोडला. लग्नातलं कुठलंसं गाणं, खरखरीत, बाईच्या आवाजातलं. काका ऐकत नव्हते, हँडलकडे बघत होते. गाणं संपलं तशी त्यांनी सुई उचलली आणि उरलेली चावी उतरू दिली, काकूंच्या नियमाप्रमाणे. कान पेटीला लावला. तबकडी फिरत राहिली, मग हळू झाली, तिच्यावरची अक्षरं वाचता येऊ लागली, आणि ती थांबली.

काकांनी कान तसाच ठेवला. बऱ्याच वेळाने सरळ झाले. हात हँडलकडे गेला, पण त्यांनी चावी दिली नाही. झाकण लावलं, टॉवेल परत वर ठेवला.

"त्या सोलापूरच्या बाईला कळव," ते म्हणाले. "उतरवली म्हनून. सांग, नीट थांबली."